डबल छपाई

एकवीस वर्षं मी गेंडे तपासले.
नाशिकरोडला, प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली,
दहाच्या नोटेच्या पाठीवर
गेंडा, हत्ती, वाघ, एकमेकांना खेटून,
सिन्नरच्या काळीपिवळीत बसलेल्या माणसांसारखे.
एका तावावर किती, ते सांगत नाही,
तशी सही दिलेली आहे.

शाई फाकली, बाद.
शिंग पुसट, बाद.
वाघाची मिशी हत्तीच्या सोंडेत गेली, बाद.
संध्याकाळी गेटवर झडती : खिसे, डबा, चपला.
माझ्याबरोबर एक गेंडा कधी बाहेर आला नाही.

रिटायर झालो तेव्हा दोंदे म्हणाला, चारधाम कर.
हिरा म्हणाली, खरे बघून येऊ.
फंडातले पैसे काढताना
बँकेतली मुलगी दोनदा म्हणाली,
काका, आफ्रिका?

मग मसाई मारा. गवत असं,
की गंगापूर धरणामागचा माळ
कुणी इस्त्री करून अंथरलाय.
झेब्रे आले. मी सवयीनं एकाचा पट्टा धरून
दुसऱ्याशी जुळवायला लागलो.
एकही जुळेना.
हिरानं दशमीचा तुकडा हातात दिला. खा, म्हणाली,
इथं तुम्हाला कुणी पगार देत नाही.

तिसऱ्या दिवशी किप्रोनोनं जीप थांबवली,
नुसतं बोट दाखवलं.
झुडपातून तो निघाला. अंगावर वाळका चिखल,
एका कानाचा लचका गेलेला,
पाठीवर दोन पाखरं, बिनघोर.
आणि नाकावर शिंगं
दोन.

माझ्या तोंडून निघून गेलं :
डबल छपाई. बाद.
चाळीसगावचे डॉक्टर मागे वळून बघायला लागले.
गेंड्यानं मान वर केली.
त्याला म्हणे दिसतं कमी.
तरी त्यानं मला पाहिलं,
वरपासून खालपर्यंत, सावकाश,
ताव उजेडात धरावा तसं.
काय काय फाकलेलं सापडलं असेल त्याला.
मग त्यानं तोंड गवतात घातलं.
पास की बाद, काही कळू दिलं नाही.

परतताना फाटकावर
गार्ड गाडीत डोकावला.
मी हात वर करून उभा राहिलो.
हिरा अजून सांगते हे सगळ्यांना.

काल जेल रोडच्या बाजारात
कोथिंबिरीचे सुटे म्हणून एक जुनी दहाची आली.
हल्लीच्या दहावर रथाचं चाक असतं.
ही मात्र आमची.
घडीवर चिकटपट्टी, हळदीचा डाग,
कोपरा कशानं तरी कुरतडलेला.
माझ्या हाताखालून गेली असेल, नाहीतर दोंदेच्या.
हातोहात झिजून गेंड्याचं शिंग
आता असल्यासारखं नुसतं.

फाटकी कशाला घेतली, हिरा म्हणाली, बदलून आणा.
मी खिडकीशी गेलो.
चष्मा पुसला. उजेडात धरली,
बराच वेळ.

चालते, म्हटलं.