औषधालाही नाही

कालोलाइने आली तेव्हा फेब्रुवारी होता,
सॉल्ट लेकवर आठवडाभर मळकं धुकं बसून होतं.
टॉवेलात गुंडाळलेली बरणी तिनं टेबलावर ठेवली
आणि झाकण उघडलं.
आंबलेल्या नोनूचा वास:
जुनं चीज, ओले मोजे, आणि मागून काहीतरी गोड.
गालिच्यात तो एप्रिलपर्यंत राहिला.

"आईची कृती," ती म्हणाली. "वावाऊ बेटावरची.
आता कॅप्सूल करून विकायचीय."
आणि लेबलाचा मसुदा पुढं सरकवला,
भाच्यानं काढलेला: एक होडी, एक सूर्य,
खाली ठळक अक्षरांत
मधुमेह बरा करते. सांधेदुखी घालवते. झोप परत आणते.

मी लाल पेन काढलं.
बावीस वर्षं वकिली म्हणून मी हेच करतो,
लोकांची क्रियापदं खोडतो.

'बरा करते' गेलं.
जे बरं करतं ते औषध,
आणि औषधाचं दार वेगळं, रांग वेगळी,
त्या रांगेत उभं राहायलाच कोट्यवधी लागतात.
मधुमेह गेला, सांधेदुखी गेली,
आजाराचं नाव घेतलं की संपलं.
तुमच्या लेबलावर, बाई, औषध हा शब्द
औषधालाही सापडता कामा नये.

"मग म्हणू काय?"
"म्हणा, सांध्यांच्या हालचालीला आधार देते."
"आधार देते,"
ती पुटपुटली, दुकानात घट्ट बूट घालून
चार पावलं चालून बघावं तशी.

मग चौकट. चौकटीत ठळक मजकूर,
अक्षराची उंची किमान इंचाचा सोळावा भाग:
या विधानाची सरकारनं पडताळणी केलेली नाही,
हे उत्पादन कुठलाही रोग ओळखण्यासाठी,
बरा करण्यासाठी, टाळण्यासाठी नाही.
तिनं ते मोठ्यानं वाचलं.
"आईनं हे ऐकलं असतं तर बरणी परत मागितली असती."

कॅप्सूल भरता कुठं? चर्चच्या स्वयंपाकघरात, गुरुवारी.
नाही चालणार.
प्रत्येक घाण्याला नंबर हवा, नमुना जपून ठेवायला हवा,
भुकटी नोनूचीच आहे हे प्रयोगशाळेनं सांगायला हवं,
शिसं किती, तेही.
"मामाच्या जमिनीतलं आहे!"
मामाची माती मला कशी ठाऊक असणार, मी म्हणालो,
आणि ते जरा कडूच निघालं तोंडातून.
तिनं बरणीचं झाकण लावलं.

जाता जाता थांबली. पर्समधून पत्र काढलं,
विलिआमी तौकोलो, वय एकाहत्तर,
शाळेत घोटलेलं अक्षर:
तीन महिन्यांत साखर उतरली, देव तुझं भलं करो.
"हे तर मी म्हणत नाहीये. तो म्हणतोय. आणि खरं आहे."
असेलही खरं. पण तुम्ही छापलंत
की ते तुमचंच म्हणणं.
नियम सांगता सांगता मी सवयीनं कागद उलटला.

मागं एकच ओळ होती.
इन्सुलिन आता सोडून दिलंय.

ती तिनं वाचलीच नव्हती.

माझ्याच फोनवरून तिनं त्याला फोन लावला.
टोंगन मला येत नाही.
इन्सुलिन कळलं, नोनू कळलं,
मग बराच वेळ नुसतं नाही, नाही,
ते कुठल्याही भाषेत कळतं.
घड्याळाप्रमाणे फी लावतो मी,
ती चाळीस मिनिटं बिलात नाहीत.

जूनमध्ये लेबल आलं.
होडी आहे. सूर्य थोडा लहान केलाय
चौकटीला जागा व्हावी म्हणून,
अक्षरं कायद्याला हवीत त्याच्या दुप्पट.
त्रास झाल्यास कळवा, याखाली जो नंबर आहे
तो तिचा स्वतःचा, उशाशी असतो म्हणे.

बरणी तिनं माझ्याकडेच ठेवली.
रात्री एक चमचा घेतो, नाक दाबून.
डाव्या गुडघ्याबद्दल मी काहीही म्हणत नाही.
म्हटलं, तर तो दावा होईल.