खरं

तीन रविवार आम्ही बसलिंग मेळवंकींच्या मागे फिरलो.
ते मोटारसायकलवर, आम्ही पाचजण रिक्षात,
माझ्या मांडीवर बिस्किटांचा पुडा
आणि यांच्या फौंड्रीचं नेमणुकीचं पत्र,
जणू घरमालक तेही बघायला मागतील.
(अनगोळात एकाने मागितलंही.)

भुसावळचं घर विकलं नव्हतं. नुसतं कुलूप घातलं होतं.

वडगावात दोन खोल्या, वर गच्ची,
पलीकडे यंत्रमाग.
रिकाम्या खोलीत उभी राहिले तर भिंत
कुणी तान्ह्याला थोपटावं तशी वाजत होती.
"झोप लागते का हो?"
घरमालक म्हणाले, "बंद पडला की जाग येते."

हिंदलग्याला हवा होती, अंगण होतं.
सासरे फाटकापासून रस्त्यापर्यंत चालून आले,
धापा टाकत म्हणाले, "दवाखाना किती पावलं?"
किलोमीटर सगळ्यांनाच माहीत होते.
टिळकवाडीत, दुसऱ्या गेटापाशी,
भाडं ऐकून हे पाणी प्यायले,
अख्खा तांब्या,
आणि तेवढ्यात गेट पडलं म्हणून
आणखी दहा मिनिटं त्या न परवडणाऱ्या घरासमोर
रिक्षात बसून राहावं लागलं.

रात्री लॉजवर मी हिशेब मांडायची:
भाडं, अनामत, शाळेची बस.
रेवती दिवसभर दुकानांच्या पाट्या बघून आलेली,
कोपरे नसलेली ती अक्षरं
माझ्याच वहीच्या कडेला गिरवत बसायची.
एकदा अनामतीच्या आकड्याशेजारी
काहीतरी लिहून ठेवलेलं सापडलं.
"हे काय?"
"मेडिकल. नाहीतर बेकरी. अजून नक्की नाही."

आणि तो शब्द. जिथे जाऊ तिथे.
"घर हवेशीर आहे, खरं पाणी चार दिवसांनी."
"शाळा जवळ आहे बघा, खरं मराठीची पोरं कमी झालीत."
मला वाटायचं, काय सरळ माणसं!
आमच्याकडे असलं काही अनामत घेतल्यावर कळतं,
आणि ही वाक्याच्या मध्येच थांबून
खरं सांगून टाकतात.
तिसऱ्या रविवारी, रिक्षात,
रेवती खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"आई, इथे खरं म्हणजे पण."

पिरनवाडीला पोचलो तेव्हा चार वाजले होते.
जिथून एक रस्ता खानापूरला जातो, एक जांबोटीला,
तिथून जरा आत, भाताच्या मोकळ्या शेताला पाठ लावून घर.
शेवंताक्का हुंदरे पायरीवर लसूण सोलत होत्या.
"कुठनं आलासा?"
भुसावळ म्हटल्यावर त्यांनी नवीनला विचारलं,
तिकडची केळी इतकी लांब कशी होतात म्हणून.
माझ्या आठ वर्षांच्या मुलाला प्रथमच
कुणी जाणकार समजून काही विचारलं होतं.
त्याने हाताने लांबी दाखवली. जरा वाढवूनच.
"खोल्या बघून घ्या. भाडं काय, बोलू.
खरं मांजर चालतंय नव्हं?"
मांजर सुनेबरोबर बैलहोंगलहून आलेलं.
त्याच्याशी कानडीतच बोलावं लागतं, म्हणाल्या,
मराठीत हाक मारली तर कान हलवतं, येत नाही.

सासरे पावलं मोजत कोपऱ्यावरच्या डॉक्टरांपर्यंत गेले.
दोनशे बारा.
येताना दोनशे तीस झाली,
पण ते बसून हसत होते.

फौंड्री जवळ. शाळेला एक बस.
पाणी चार दिवसांनी, ते इथेही.
पाटीवरचा आकडा मला वाचता येत नाही,
रेवती शिकवेपर्यंत
मी ड्रायव्हरचा चेहरा बघून चढते.

सामान लागलं त्या रात्री नणंदेचा फोन.
तिकडे कूलर चालू होता, आवाज येत होता.
"कसं आहे गं गाव?"
"चांगलं आहे," मी म्हटलं. "खरं..."
"खरं काय?"
मे महिना, आणि मी एका हाताने
पंख्याचं बटण शोधत होते,
बंद करायला.