फॉर्मवर एकच ओळ

दोंदू हानिमच्या आधी तिची पिशवी आत येते.
गिरेसूनच्या कुठल्याशा कापडदुकानाची,
आत एकतीस वर्षांचे कागद:
डोळ्यांचे वेगळे, पोटाचे वेगळे,
कंबरेच्या फिल्मना तिनं उशीचा अभ्रा घातलाय.

घरात पाचवी मुलगी. आता तरी दैव वळावं
म्हणून नाव ठेवलं दोंदू, म्हणजे वळली.
"कसलं वळतंय," ती म्हणते, "सहावीही मुलगीच."

सातव्या वर्षापासून महिन्या-दीड महिन्यानं ताप,
पोट फळीसारखं कडक,
तीन दिवस.
चौथ्या दिवशी जणू काही झालंच नाही.
सासू म्हणायची, बरं कामाच्याच दिवशी दुखतं.
एकोणीसाव्या वर्षी कुणी अपेंडिक्स काढलं.
ते निरोगी होतं,
असं कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय.
आजवर कुणी तिला वाचून दाखवलं नव्हतं.
मी दाखवलं.
ती बराच वेळ स्वतःच्या पोटाकडे बघत राहिली.

बाकीचं तिनं अंगावर काढलं.
तोंडातले फोड (मला वाटलं लाजते, म्हणून हात धरते ओठांवर),
डाव्या डोळ्यात दोन हिवाळे साचलेलं धुकं,
पहाटे गंजल्या कडीसारखी न सरकणारी कंबर,
जी कारखान्यात तासभर उभं राहिल्यावरच सैल होते.

ट्रॅब्झॉनला आमचे सर सांगायचे:
एक रोगी, एक रोग.
एक किल्ली शोधा, सगळी कुलपं उघडतील.
मी रात्रभर ती किल्ली फिरवत बसले.
पोटाचं उघडायचं, डोळ्याचं अडायचं.

मग साधी निर्जंतुक सुई.
हाताच्या आतल्या बाजूला, तीन टोचे.
आता अठ्ठेचाळीस तास काहीच करायचं नाही.
"एवढ्याशा सुईला दोन दिवस?"
ती भाचीकडे, गुलिझारकडे, मुक्कामाला गेली
आणि जाताना माझ्या टेबलावर हेझलनट ओतून गेली.

पट्ट्यावर निवडायचं काम तिचं. बावीस वर्षं.
समोरून दाणे वाहतात, हात आपोआप जातो,
किडका, पोकळ, काळा, बाहेर.
"बघायचं नाही. कानाशी हलवायचं," तिनं शिकवलं होतं,
"चांगला असेल तर आतून गप्प असतो."
एकदा पट्ट्यावरची नवी पोरगी घाबरून
चांगलेच दाणे फेकत सुटली होती, पोतंभर.
दोष पोरीचा नव्हता, दोंदू म्हणाली,
कुणीतरी तिला फार ओरडलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिनं बाही वर केली.
तीन टोचे, तीन पिवळे ठिपके, भोवती लाल कडं.
टोचलं मी, आणि चवताळलं तिचंच रक्त.
आपलेच दात, आपलेच ओठ.
बेहचेत, मी मनात म्हटलं.
पण जनुकांचा कागद तापाचं दुसरंच नाव सांगत होता,
आणि कंबरेच्या फिल्ममध्ये दोन्ही सांध्यांच्या कडा
उंदरांनी कुरतडल्यासारख्या.

मी तीन नावं सावकाश सांगितली.
माफी मागावी तशी.
तिनं बोटांवर मोजली, परत मोजली.
"म्हणजे तीन भाडेकरू,
आणि भाडं एकाचंही नाही."
मग हसली, हात न धरता,
जिभेच्या कडेचा पांढरा फोड दिसला.
"कुणी म्हणालं होतं मनाचे खेळ.
तुम्ही त्यांना कळवाल का?
पत्ता आहे माझ्याकडे. पिशवीत."

एका गोळीनं ताप आणि फोड दोन्ही थोडे शांत होतील.
डोळ्याचं आजच सुरू करायला हवं.
कंबरेचं इंजेक्शन मंजूर व्हायला वेळ लागेल,
आणि ते डोळ्याशी कसं वागेल
हे मला पुस्तकात सापडलेलं नाही.
हेही मी सांगितलं.

फॉर्मवर निदानासाठी एकच ओळ आहे.
पहिलं नाव मावलं, दुसरं समासात चढलं,
तिसऱ्यासाठी कागद आडवा धरला.
हेलाल टायपिस्ट म्हणाली, मशीन असं घेत नाही,
मुख्य कोणतं ते लिहा.

संध्याकाळी टेबलावर उरलेला एक दाणा
कानाशी हलवला.
काहीच ऐकू आलं नाही.
चांगला होता म्हणून,
की मला अजून ऐकता येत नाही म्हणून,
ते फोडल्याशिवाय कळलं नसतं.
मी तो खिशात ठेवला.