बाटली नंबर तीन

मसुराएवढी गोळी,
रात्री झोपताना एक.
ती पोटात जायला लागली
आणि माझ्या पोटऱ्या परक्या झाल्या.

इथे लुईस बेटावर आम्ही ट्वीड विणतो.
घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये माग,
आणि माग चालतो पायांवर.
उजवी पावडी, डावी पावडी,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
चाळीस वर्षांत किती मैल चाललो असेन
एका फळीवर बसून!

मार्चात गोळे यायला लागले.
जिना उतरताना कठडा धरायचा,
बादली उचलली की मांडीत
कुणी ओला टॉवेल पिळावा तसं.
सून म्हणाली, वय झालं.
शेजारचा मर्डो म्हणाला, गोळीच ती.
त्याच्या मेव्हण्याने फेकून दिली,
आता मेंढ्यांमागे धावतो म्हणे.
पाकिटातल्या कागदावर, बारीक अक्षरात,
'स्नायू' हा शब्द चार वेळा होता.
मी मोजला.

मग मी चोरी शिकलो.
गोळी गालात धरायची, पाणी प्यायचं,
इशबेलची पाठ वळली की
खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत.
जिरेनियम धडधाकट. मी तसाच.
रक्ताच्या रिपोर्टने मात्र चुगली केली.

डॉक्टर शीना ओरडली नाही.
"दुखतंय म्हणता, म्हणजे दुखतंय.
कशाने, ते दोघं मिळून शोधू."
तिने सहा महिन्यांच्या सहा बाटल्या दिल्या,
सगळ्यांत सारखीच पांढरी गोळी,
काहींत औषध, काहींत नुसता मुलामा.
कशात काय, तिलाही माहीत नव्हतं;
चिठ्ठी फार्मसीच्या कपाटात, लाखेखाली.
"आणि लघवी काळ्या चहासारखी झाली
तर गोळी बंद आणि मला फोन.
रविवार असला तरी."

ज्या वहीत वार लिहायचो आणि रंग,
तिच्यात आता दुखणं उतरलं, दहापैकी.
मंगळवार: करडा, अकरा वार, पाच.
गुरुवार: शेवाळी, नऊ वार, सहा.
रविवारी माग गप्प, गाव गप्प,
दोरीवर एक मोजासुद्धा वाळत नाही,
तरी चर्चमध्ये प्रार्थनेला उठताना सात.
बघा, मी म्हटलं, आज पावडी नाही
आणि तरी सात!

बाटली नंबर तीन सगळ्यांत वाईट.
आठ. आठ. नऊ.
खुर्चीत बसून रात्री काढल्या.
इशबेलला उठवून सांगितलं,
चोर सापडला.

नोव्हेंबरात लाख फोडली.
तीन नंबरात काहीच नव्हतं.
साखर आणि स्टार्च.
दोन आणि पाचमध्ये खरं औषध,
तिथे वहीत चार, पाच,
आणि एका आठवड्यात, नातू आला होता तेव्हा,
मी लिहायचंच विसरलो होतो.

कानापर्यंत लाल झालो.
"म्हणजे इतके दिवस मी खोटं दुखत होतो?"
शीना म्हणाली, "गोळी खोटी होती, टॉर्मोड.
दुखणं खरं होतं."
हे वाक्य मी घरी आणलं
आणि अजून मला ते नीट बसवता येत नाही.

माझा भाऊ रूअरी.
एक्कावन्नाव्या वर्षी दलदलीत पीट कापताना
हातात फावडं तसंच धरून आडवा झाला.
बाप एक, रक्त एक,
त्या रक्तात लोणी एक.
त्याला आयुष्यात कधी काही दुखलं नाही.
पोटरी नाही, दात नाही, काही नाही.

आता दुसऱ्या कंपनीची, कमी ताकदीची गोळी आहे.
बसायची फळी दोन बोटं वर घेतली,
अर्ध्या तासाने उठून दारापर्यंत जातो,
समुद्राकडे बघतो, परत येतो.
मर्डो विचारतो, टाकलीस का रे?
मी म्हणतो, कुंडीत जागा नाही.

सोमवार. बाणा निळा.
आठ वार.
डाव्या पायात चार.