एकाच खात्यातले

पाठीवर धुराचं यंत्र, काखेत टाक्यांचं रजिस्टर.
शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयामागं
गळक्या नळापाशी मी रोज जरा टेकतो.

डिसेंबरात तिथं एक तांबुला येतो.
गळ्याला विटकरी डाग, शेपूट वर, टर्र टर्र.
उंबराच्या एकाच वाळक्या काटकीवरून झेपावतो,
हवेत चोच मिटते, टिचकीएवढा आवाज,
की परत त्याच काटकीवर,
मस्टरवर सही करून आल्यासारखा.

नाचणीला असं बसवत नाही.
ती शेपटीचा पंखा उघडते, मिटते, गिरकी घेते,
पाचोळ्यातले किडे घाबरून उठेपर्यंत.
सावलीतला निळा माशीमार
आमच्या भिकाजी रेडकरसारखा :
काम बेताचं, गळा गोड.

स्वर्गीय नर्तक एकदाच आला,
दोन पांढऱ्या फिती मागं सोडत.
सात नंबर वॉर्डाची खिडकी
तेवढ्यापुरती खोकायची थांबली.

मंगळवारी डेंग्यूचा रुग्ण निघाला.
वरून हुकूम : सगळं आवार धुरवा.
धुरवलं.
उंबराखाली, भिंतीकडेनं, नळापाशीही.
यंत्राच्या आवाजात टर्र टर्र कुठं ऐकू येणार?

धूर निवळला तेव्हा काटकी होती.
बुधवारी काटकी.
गुरुवारी काटकी, आणि तिच्यावर ऊन.

रजिस्टरात लिहिलं : डास आढळले नाहीत.
खाली, शेऱ्याच्या रकान्यात,
गळक्या नळाची तक्रार लिहायची असते.

पेन उघडं धरून बसलोय.
थेंब पडतोय.
अजून लिहिलेली नाही.