दोन फूट पाणी

बत्तीस वर्षं मी फेरीबोटीवर काढली,
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
स्कूटर कुठे, रिक्षा कुठे, पोदेराची सायकल कुठे,
हे मी नुसत्या हाताने सांगायचो
आणि माणसं हँडलला हँडल घासत का होईना,
पलीकडे पोचायची.
त्यामुळे दोन फुटांच्या काचपेटीत
चार गप्पी, दोन मोली आणि एक काळुंदर,
एवढं मला सहज जमेल असं वाटलं होतं.

काळुंदर विकतचा नव्हे.
मेहुणीच्या वेदांगने मानशीपाशी पकडलेला, बोटभर.
"काका, ह्याला खायचं नाही हं," म्हणून
पाण्याच्या बाटलीतून आणून दिलेला.
दुसऱ्या चवथीपर्यंत तो तळहाताएवढा झाला
आणि पेटी त्याच्या नावावर झाली.

आधी गप्पींच्या शेपट्या गेल्या.
मग एक मोली पंपाच्या मागे
पोस्टाच्या तिकिटासारखी चिकटून राहिली,
दाणे टाकले तरी बाहेर येईना.

म्हापशाच्या दुकानातला आग्नेल म्हणाला, दगड हलवा,
घराचा नकाशा बदलला की भांडखोराला हद्द आठवत नाही.
हलवले. चिरा इकडे, करवंटी तिकडे.
त्याने अर्ध्या तासात नवा एक-चौदा काढला.
मग सुलक्षाची तांदूळ धुवायची चाळण पाण्यात टांगून
त्याला तीन दिवस कोठडी दिली.
सुटला तो आणखी तापट होऊन.
सुलक्षा काही बोलली नाही. नवी चाळण घेऊन आली.

रात्री दिवा लागला की काचेत त्याला दुसरा दिसायचा,
त्याच्याच मापाचा, त्याच्याच पट्ट्यांचा.
तोंडावर तोंड, टक् टक्,
बातम्यांपेक्षा मोठ्याने.
मी काचेमागे वर्तमानपत्र चिकटवलं.
नेमकं पुण्यतिथ्यांचं पान आत आलं.
तो मेलेल्यांशीही भांडला.

पिएदाद दारात पाटी उतरवायची, आत डोकावून हसायची:
"बाब, हाका तूं दाणे घालता? हाका रव्यांत घोळूंक जाय!"
आम्हीही हसायचो.
पण त्या वर्षात आमच्या ताटात काळुंदर आला नाही.

एकदा झोप लागेना तेव्हा कळलं.
फेरीत माणसं जमवून घेतात,
कारण दहा मिनिटांत पलीकडचा काठ येतो.

शेवटी ठरवलं, काढायचा.
रविवारी बादली आणली, बाही सारली,
करवंटी उचलायला गेलो आणि तो
अंगठ्याला चावला.
रक्त नाही. टिचकीच,
पण मनापासूनची.

करवंटीच्या आत
मोहरीएवढे दाणे दाटीने चिकटलेले.
काही पिवळट, बरेचसे पांढरे पडलेले.
सुलक्षाने चष्मा लावला, वाकली.
"अहो, हा तो नव्हे. ही ती."

दीड वर्ष मी जिला
गुंडा म्हणालो, भाटकार म्हणालो,
ती बाई होती
आणि पेटीत तिच्या जातीचं दुसरं कुणी नव्हतं.
"म्हणजे ही अंडी..." सुलक्षाने वाक्य पुरं केलं नाही.
आमच्या घरात ते वाक्य
आधीपासूनच कुणी पुरं करत नाही.

अंडी आठवड्याची असतील फार तर.
आधीची भांडणं कशाची होती,
ते मला आजही माहीत नाही.

बादली रिकामीच परत ठेवली.
गप्पी, मोली आता बरणीत, फ्रिजवर.
ती पांढऱ्या दाण्यांवर पंख हलवत राहिली,
दोन दिवस, काही न खाता.
तिसऱ्या सकाळी करवंटी स्वच्छ.
असंच करतात, आग्नेल म्हणाला, स्वतःच खातात.

परवा सुलक्षा पाणी बदलत होती,
हात कोपरापर्यंत आत.
ती आली, बोटांना टोचू लागली. एकदा. दोनदा.
मी म्हटलं, "काढ हात, चावेल."
"चावू दे," सुलक्षा म्हणाली
आणि पाणी ढवळायचं थांबवून
हात तसाच ठेवला.