पाठकोरे

पद्माकर केणी पहिल्यांदा आला तेव्हा
माझा टायपिंगचा क्लास नौपाड्यात, एका जिन्याखाली होता,
आणि मशीनचा रफार कायम शेजारच्या अक्षरावर बसायचा.
त्यानं पिशवीतून गठ्ठा काढला: कंपनीचे लॉगशीट, पाठकोरे.
एका बाजूला रिअ‍ॅक्टर तीनचं तापमान, तासातासाचं.
दुसऱ्या बाजूला चंद्र.

घणसोलीचा माणूस. बापाचं मिठागर सरकारनं घेतलं,
बदल्यात रबाळ्याच्या कारखान्यात नोकरी, रातपाळी.
पानाला किती, म्हणाला.
दोन रुपये, म्हटलं. १९८३. जास्तच सांगितले होते.
घासाघीस नाही. वर म्हणतो,
माझ्यात जोडाक्षरं फार आहेत.

पहिल्या कथेत चंद्रावर मिठागर होतं,
बांध घातलेलं.
म्हाताऱ्या बाया फळीनं मीठ ओढतात
आणि पृथ्वी उगवली की तिच्याकडे पाठ करून जेवायला बसतात,
तिथे आता त्यांचं कुणी नसतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं:
चंद्रावर पाणी नसते. कळावे.
खाली बारीक अक्षरात,
शेवट गोड करता आल्यास पाहावे, लोक फराळासोबत वाचतात.

त्यानं पाणी काढलं नाही, साखर घातली नाही.
नऊ वर्षं पाठवत राहिला.

एकदा चूक माझी झाली. अंगात ताप होता,
एक पान मी पुढच्याच बाजूनं टाइप केलं

    १ वाजता ८२
    २ वाजता ८२
    ३ वाजता ८४
    ४ वाजता
    ५ वाजता ६१

आणि ते कथेच्या मधोमध तसंच छापून आलं.
पुण्याच्या एका समीक्षकानं त्यावर दीड पान लिहिलं,
रिकाम्या चारला 'अवकाशाचं मौन' म्हटलं.
त्या वर्षी तलावपाळीजवळ त्याचा सत्कार झाला.

मी माफी मागायला थांबले होते.
श्रीफळ माझ्या हातात देत म्हणाला,
चारला मी लिहीत होतो.
एवढंच. मग कळव्याच्या बसमागे धावला.

बाकीचं फार उशिरा कळलं, त्यांच्या फिटरकडून:
व्हॉल्व्ह बघायला बाळाराम एकटा वर गेला होता.
हाक मारून गेला होता.

त्यानंतरच्या चौतीस कथा मी टाइप केल्या.
यान कुठलंही असो, ग्रह कुठलाही,
कुणीतरी एक हेल्पर अंधारात शिडी चढतो
आणि परत येतो.
कथेला गरज नसताना येतो, हात पुसत, चहा मागत.
संपादक तो परिच्छेद कापायचे.
पुढच्या कथेत तो पुन्हा शिडीपाशी.

रोबो त्याला कधी जमले नाहीत. भविष्यही बेताचंच:
त्याच्या दोन हजार दहा सालात
ट्रंक कॉल लागतो, रॉकेलला रांग आहे,
आणि घणसोलीला अजून मीठ पिकतं.

चंद्रावर पाणी सापडलं त्या सकाळी फोन आला.
पेपरात दिलंय, म्हणाला,
पण खारं का गोडं ते दिलं नाय.
कुणाला तरी विचारा जरा.
गोडं असलं तर माझंच चुकलं.

शेवटचा गठ्ठा त्याच्या सुनेनं आणून दिला,
नेरूळच्या हॉस्पिटलातून. पाठकोरेच, शुगरच्या तक्त्याचे.
पहाटे चारचा आकडा नर्सच्या अक्षरात नाही, त्याच्या आहे.

कथा शनीच्या कड्यांजवळ कुठेतरी.
हेल्पर अर्ध्या शिडीवर पोचलाय.
खालून कुणीतरी ओरडतं,
थांब रं, मी पन येतो,
तिथे अकरावं पान संपतं.

पाकिटात सुटे होते, जुन्याच दरानं.
दोनदा मोजले.
बारा पानांचे आहेत.